पांढऱ्या गाडीची निरवानिरव

लिहिते, लिहिते म्हणत पाच आठवडे घालवले. आधी म्हटलं दिवाळी होऊ दे. मग म्हटलं चांगलं पेन आणू. पेन आणायला रविवार कारंज्यावर गेले, तिथे एक जुनी मैत्रीण भेटली, तिच्यासोबत तशीच सापुताऱ्याला जाऊन आले आणि पेन राहिलंच. आज मंगळवार. परवा दवाखान्यात भरती व्हायचंय, शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. आता टाळायला दिवस उरले नाहीत, म्हणून घरामागच्या कडुनिंबाखाली गाडीतच बसून, स्टिअरिंगवर वही टेकवून लिहायला घेतलंय. पेन वहिनीचं आहे. ते तिला परत जावं, हीसुद्धा माझी इच्छा समजावी.

तर मी, दीपमाला चिमाजी विधाते, वय वर्षे सत्तावीस, धंदा मिळेल तिथे गाडी चालवणे आणि उरलेल्या वेळात भटकणे, शिक्षण बारावी, दोनदा, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं जागेवर आहे. मला कुणी धमकावलेलं, फूस लावलेली किंवा काही पाजलेलं नाही. सकाळपासून दोन चहा झालेत, दोन्ही आईच्या हातचे. हृदयाची एक झडप जन्मापासून नीट लागत नाही, ती बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरातले अठ्ठ्याण्णव जण आपल्या पायांनी घरी जातात. मी विचारलं, उरलेल्या दोघांच्या गाड्यांच्या चाव्या कुणाकडे गेल्या? ते हसले. मी खरंच विचारत होते.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कुणी म्हणालं तर तो मला ओळखत नाही.

कायद्याची भाषा आमच्या गल्लीतल्या चिंतामणकाकांची. कोर्टाबाहेर तीस वर्षं त्यांनी टाइपरायटर चालवला. ते म्हणाले, "दीपमाला, मृत्युपत्रात गोष्टी सांगत बसू नकोस. मालमत्ता सांग."

"काका, मालमत्ता तीन ओळींत संपते."

"मग तीन ओळी लिही."

मी त्यांना अजून एक विचारलं. आप्पा, म्हणजे माझे वडील चिमाजी, चार वर्षं माझ्याशी धड बोलत नाहीत. या गाडीच्या तर जवळपास फिरकत नाहीत. शुक्रवारच्या आत त्यांनी एकदा माझ्याशी बोलावं, असं कलम टाकता येईल का? काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "बाळा, मृत्युपत्रात द्यायचं असतं. मागायचं नसतं." म्हणून ते कलम नाही. जे आहे ते खाली.

कलम १. माझी मालमत्ता: एक पांढरी जुनी हॅचबॅक गाडी, एमएच १५, शेवटचे आकडे ४०७२, सेकंड हँड घेतलेली, बँकेत थोडी शिल्लक, हत्यारांची पेटी, एक तंबू, त्याची चेन बिघडलेली आहे, एक हेल्मेट. शेत आप्पांचं आहे, ते माझ्या लिहिण्यात येत नाही. नवरा, मूलबाळ नाही. होण्याइतका वेळ मी एका गावात थांबले नाही.

कलम २. पांढरी मी प्रतिभा वहिनीला देते. राजदादाला नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे मागाहून रुसायचा हक्क त्याला नाही.

"सख्ख्या भावाला सोडून?" दादा म्हणाला.

"तुला दिली तर तू सातपूरला शिफ्टला बारा मिनिटांत पोचशील."

"दहाच लागतात."

"म्हणूनच."

वहिनी तिथेच मेथी निवडत होती. ती म्हणाली, "मला लायसन्स मिळून वरीस झालं तरी ह्यांनी तुमच्या गाडीची किल्ली माझ्या हातात येऊ दिली नाही. तुम्हीच द्या, ताई." नणंद धाकटी असूनही ती मला ताई म्हणते, आणि मी तिला सरळ तू म्हणते. असं का, ते आम्हा दोघींनाही माहीत नाही. वहिनीला गाडी देते ती ती हळू चालवते म्हणून नाही. वळण यायच्या आधी तिचा पाय ब्रेककडे जातो. दादाचा वळण आल्यावर जातो. फरक एवढाच आहे, पण सगळा तोच आहे.

गाडीसोबत खालच्या अटी जातात. वहिनी, या नीट वाच, आणि वाचून झाल्यावर वही गाडीतच ठेव.

टायरची हवा सकाळी बघायची, गाडी चालवायच्या आधी. पळून तापलेल्या टायरमध्ये हवा असते त्यापेक्षा जास्त दिसते. महिन्यातून दोनदा तरी, आणि थंडी पडली की हमखास. स्टेपनीचीसुद्धा. कच्छमध्ये माझं चाक बसलं, डिकीतून स्टेपनी काढली तर ती माझ्याआधीच बसलेली. सहा तास एका मिठागरवाल्याच्या झोपडीत काढले. त्यांच्या म्हातारीने बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी दिली. त्या चटणीत अजून काहीतरी आंबट होतं, तिने मला सांगितलंही, पण गुजरातीत, आणि मी हो हो करत राहिले. आजतागायत ते काय होतं मला कळलेलं नाही. असो. स्टेपनी.

टायरच्या अंगावर लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. नक्षी शिल्लक दिसली तरी पाच-सहा वर्षांत रबर म्हातारं होतं, त्याला भेगा जातात. पांढरीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर ३१२० आहे. म्हणजे त्यांची वेळ झाली. त्याची तजवीज कलम चारमध्ये केलेली आहे.

ऑइलची काडी गाडी सपाट जागी लावून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी काढायची. काढायची, पुसायची, परत घालायची आणि मग दुसऱ्यांदा काढून बघायची. पहिल्यांदा काढलेल्या काडीवर विश्वास ठेवायचा नाही. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. वरच्या खुणेच्या वर गेलं तरी ते चांगलं नाही, इथे जास्तीचा आग्रह चालत नाही.

तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद, आणि गुपचूप बसून राहायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही. शंका असेल तर सातपूरला किशोरभाऊंच्या गॅरेजमध्ये जाऊन त्यांचा उजवा कोपर बघून ये. ते दाखवतात. चहा पण पाजतात.

घाट ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर सोडणारे खूप भेटतील, ते हॉर्न वाजवतील, वाजवू दे. नुसत्या ब्रेकवर उतरलीस तर ब्रेक तापून जळका वास येतो, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

विंचूरकडे कांद्याच्या दिवसांत अंधार पडायच्या आत घरी ये. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर मातीनं भरलेला. दिंडोरी रस्त्यावर द्राक्षांची छाटणी झाली की फवारणीचे ट्रॅक्टर बांधावरून थेट डांबरावर येतात, चालवणाऱ्याचं लक्ष मागच्या ब्लोअरकडे असतं. त्याला तू दिसत नाहीयेस असं धरूनच चालव. पुढच्या गाडीपासून अंतर किती, तर ती एखाद्या खांबापुढून गेली की म्हणायला लाग: एक मखमलाबाद, दोन मखमलाबाद, तीन मखमलाबाद. त्याच्या आत तू त्या खांबाशी पोचलीस तर फार जवळ आहेस. पावसात पाच मखमलाबाद.

झोप आली तर चहा नाही, झोपच. पेट्रोल पंपावर वीस मिनिटं, काच थोडी खाली, दारं लॉक.

फोन डिकीत. हो, डिकीत. समोर ठेवलास की उचलशील, दादा फोन करणाराच आहे, "कुठपर्यंत आलीस" म्हणून.

आणि काच रिकामी ठेव. आतून लटकन नको, मोत्यांची माळ नको, लिंबू-मिरची लावायचीच असेल तर खाली बंपरला. काच बघायला असते. का, ते कलम सहात.

कलम ३. माझं हेल्मेट राजदादाला. त्याच्याकडे स्वतःचं आहे, ते मोटरसायकलच्या आरशाला अडकवलेलं असतं. त्याने आरशाचं डोकं तेवढं वाचतं. माझ्या हेल्मेटचा पट्टा जुना आहे पण घट्ट बसतो. दादा, शिफ्टला दहाऐवजी वीस मिनिटं लागली म्हणून कंपनी बंद पडणार नाही. वहिनीने रोज संध्याकाळी त्याच्या केसांवर हेल्मेटचा वळ पडलाय का ते बघावं. नसेल तर चहा देऊ नये.

कलम ४. बँकेतली शिल्लक सगळी आईची, सरुबाई चिमाजी विधाते यांची. एकच विनंती, त्यातून आधी पांढरीचे पुढचे दोन टायर घ्यावेत. आई म्हणेल, टायरला कशाला, देवीला साडी नेसवू. आई, आधी टायर. देवीच्या गडावर जायलाही चाकं लागतातच.

आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मी गावात असते तेव्हा तिची वेणी मी घालते. हे काम मी वहिनीला देते. भांग डावीकडून. तेल कोमट. ती "झालं, झालं, बास" म्हणते, ते मनावर घ्यायचं नाही, तिला आवडत असतं. बोलायचं असेल तर तेव्हाच बोलायचं. समोरासमोर आई काही सांगत नाही, पाठ करून बसली की सगळं सांगते.

कलम ५. वत्सलाबाई, माझी आत्या. मी गाडी घेतली तेव्हा भर अंगणात म्हणाली होती, "पोरीच्या जातीला गाडी कशाला? कोण करून घेईल हिला?" हे मी सहा वर्षं मनात ठेवलेलं आहे. तर वहिनीने आत्याला एकदा सप्तशृंगीच्या गडावर न्यावं, पुढच्या सीटवर बसवून, बेल्ट लावून. जाताना सावकाश. येताना नांदुरीला गरम भजी खायला घालावीत. एवढ्याने माझा हिशोब मिटेल. भजी नाही दिली तर मिटणार नाही.

किशोरभाऊंना हत्यारांची पेटी. त्यातले निम्मे पाने त्यांचेच आहेत, हे त्यांना ठाऊक आहे आणि त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

तंबू ज्याला चेन लावता येईल त्याला.

कलम ६. हे कलम मी दोनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

आमचं घर फुलांचं. दसऱ्याला गाड्यांना लागणारे हार आप्पांच्या हातचे. पंचवटीतले ट्रॅव्हल्सवाले पंधरा दिवस आधी सांगून ठेवतात, "चिमाजीचाच हार पाहिजे." मनगटाएवढा जाड, झेंडू ठासून, मध्ये आंब्याची पानं. चार वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला आप्पांनी माझ्या पांढरीसाठी केला तसा हार त्यांनी कुणालाच केला नसेल. टपावरून सोडलेला, काचेवरून खाली, बोनेटवर महिरप. उभं राहून बघत होते. म्हणाले, "लेकीची गाडी हाय. दिसू दे गावाला." आणि आमच्यात पद्धत अशी, की दसऱ्याचा हार दिवस मावळेपर्यंत उतरवायचा नाही. सोनं वाटून झाल्याशिवाय तर नाहीच. मी काचेसमोरचा भाग वर सरकवून टपावर ठेवला आणि निघालो, दिंडोरीला मामाकडे सोनं द्यायला. आई मागे बसलेली, बेल्ट नाही, कारण मागे कोण लावतं. आप्पा मागून मोटरसायकलवर.

गतिरोधकावर हार घसरला. मी थांबायला हवं होतं. पण थांबले तर तो काढावा लागणार, आणि सणाच्या दिवशी आप्पांच्या डोळ्यांदेखत त्यांचा हार कसा काढायचा? मी वायपर लावला. हाराची सुतळी वायपरच्या दांडीत गुंतली, आणि दुसऱ्या फेरीला अख्खा हार काचेवर. समोर सगळं केशरी. रस्ता नाही, काही नाही. मी ब्रेक दाबला, डावं चाक डांबराखाली उतरलं आणि गाडी मोरीच्या खड्ड्यात गेली. आईचं खांद्याचं हाड मोडलं.

वेग चाळीस होता. हे मी पहिल्यांदा लिहीत आहे.

आप्पा धावत आले. त्यांनी आधी काचेवरचा हार ओढून काढला आणि शेजारच्या शेतात फेकला. मग दार उघडलं. माणसं जमली तोवर काच मोकळी होती. कुणीतरी म्हणालं, "पोरगी भरधाव असंल." हवालदारांनी विचारलं, वेग किती होता? मी आप्पांकडे बघितलं. ते खाली बघत होते. मी म्हटलं, "जास्त होता, साहेब." आप्पा काही बोलले नाहीत. तेव्हापासून बोललेले नाहीत.

मला हाराचा राग कधीच आला नाही. गप्प बसल्याचा आला. त्या रागावर मी पार स्पितीपर्यंत जाऊन आले, आसामला जाऊन आले, आणि दर वेळी घरी आल्यावर ते आपले फुलं निवडत खाली मान घालून. मला वाटायचं, स्वतःला वाचवून बसलेत.

गेल्या रविवारी आईची वेणी घालत होते. ती पाठमोरी, समोर भिंत. म्हणाली, "यंदा दसऱ्याला भांडला तो एका टेम्पोवाल्याशी."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझा बाप. टेम्पोवाला म्हणे, काचेवरून लांब सोडा, चिमाजीचा हार वाटला पाहिजे. हा म्हणे, काचेवर नाय. बंपरला बांध, नायतर दुसरीकडनं घे. गेलं गिऱ्हाईक. चार वर्सं झाली, काचेचा हार करतच नाय तो. त्या ट्रॅव्हल्सवाल्यांनाबी नाय म्हणला."

माझा हात थांबला. आई म्हणाली, "वड की वेणी. मला माहीत हाय गं सगळं. मी मागच्या सीटवर व्हते. खांदा मोडला, डोळे थोडेच मोडले?"

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तू बोलली नाय, तो बोलला नाय. मी मधीच बोलून कुणाला उघडं पाडू? त्याला वाटतं तू रागावून गाव सोडतीस. तुला वाटतं तो रागावून बोलत नाय. दोघं एकाच मापाचे."

म्हणून मी लिहून देते की, त्या दिवशी हार आप्पांनी बांधला, गाडी मी चालवली, आणि दिवस मावळेपर्यंत काढायचा नाही हे आम्हा दोघांनाही खरं वाटत होतं. थांबून हार काढून मागच्या सीटवर ठेवला असता तर देवाला काही कमी पडलं नसतं. यातला माझा दोष आणि आप्पांचा दोष, दोन्ही मी या मृत्युपत्राने रद्द करते. ते कुणाकडेही वारसाने जाणार नाहीत. आप्पांना मी याखेरीज काहीही ठेवलेलं नाही. त्यांना द्यावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही, आणि त्यांच्याकडून हवं ते इथे मागता येत नाही.

कलम ७. माझं काही बरंवाईट झालं तर त्या मोरीजवळ माझ्या नावाचा दगड नको. तिथे वळणावर एक मोठा बहिर्गोल आरसा लावावा, म्हणजे पलीकडून येणारी गाडी दिसेल. त्यावर माझं नाव नको. नाव वाचायला लोक वळणावरच गाडी थांबवतील.

गाडी नावावर करायला वहिनीने आरटीओत लवकर जावं, विमा आणि पीयूसीच्या तारखा वहीच्या शेवटच्या पानावर आहेत. अपघात बघितला तर थांबावं. आधी पार्किंगचे चारही दिवे लावावेत, मागे त्रिकोण ठेवावा, १०८ ला फोन करावा. आणि कुणी घाबरलेल्या पोरीला वेग विचारत असेल तर तिला आधी पाणी द्यावं.

कलम ८. मी शुक्रवारनंतर जिवंत राहिले तर वरचं सगळं रद्द, फक्त टायर, हेल्मेट आणि भजी सोडून.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला. खाडाखोड झाली तिथे बाजूला आद्याक्षरं घातली आहेत.

सही: दीपमाला चिमाजी विधाते
ठिकाण: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

साक्षीदार १: चिंतामण गोविंद गर्गे, निवृत्त टंकलेखक, राहणार मखमलाबाद. (सही केली आहे. मजकुराच्या लांबीबद्दल नापसंती तोंडी कळवली आहे.)

साक्षीदार २:

ही जागा रिकामी आहे. काका म्हणाले, ज्याला यातून काही मिळतंय त्याने साक्षीला राहू नये, उद्या कुणी बोट दाखवतं. वहिनी, दादा, आई, आत्या, किशोरभाऊ, सगळ्यांना मी काही ना काही देऊन बसले. दादाला मघाशी म्हटलं, कुणीतरी शोधून आण, ज्याला माझं काहीच नकोय. तो मळ्याकडे गेलाय, त्याला अर्धा तास झाला.

थांबा.

आप्पा आलेत. डाव्या बाजूच्या काचेवर बोटाने टकटक करतायत. मातीचा हात काचेला लागू नये म्हणून नुसतं नख. दादा मागे लांब उभा आहे, इकडे बघत नाहीये. काच वर आहे तरी ऐकू येतंय, "दीपे, राज म्हणला सही पाहिजे. करतो. पण आधी सगळं वाचून दाखव मला. घाई नाय." गाडीत बसायचं म्हणून चपला त्यांनी बाहेर कडुनिंबाखाली काढून ठेवल्यात, देवळासमोर काढतात तशा, जोडीने.

दार आतून लॉक आहे. उघडते.